अंड्यांच्या खणातला मेणाचा ठोकळा

साबणाची वडी नाही, खडू नाही, खोडरबर तर मुळीच नाही. मित्रांनो, मी मेणाचा एक जुना ठोकळा आहे. काड्यापेटीपेक्षाही लहान. पाठीला पिवळ्या प्लास्टिकची जाळी, जाळीच्या तिरक्या कडेवर माझा नंबर आणि पांढऱ्या मेणात रोवलेले, तांदळाच्या कण्यांएवढे काही तुकडे. रोवलेले होते, असं म्हणायला हवं. त्यांचं आता काय उरलंय ते शेवटी सांगतो.

ते तुकडे एका बाईच्या जठराचे. त्यामुळे मी दिसायला मेण असलो तरी माझ्या आठवणी पोटाच्या आहेत, आणि पोट फारसं काही विसरत नाही.

ती बाई कवळ्या बनवायची. घराची पुढची खोली हेच तिचं कामाचं ठिकाण. फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, खणात दातांच्या पट्ट्या आणि टेबलावर मंद आचेवर ठेवलेलं मेणाचं छोटं पातेलं. त्या मेणातून ती हिरड्या घडवायची. इतक्या सुबक, की म्हातारी माणसं आरशात बघून आधी हसायची आणि मग आभार मानायची. गल्लीत सगळे तिला कवळीवाली म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी नाव विचारलं तर तीच सांगायची, "कवळीवाली म्हणा, लगेच घर सापडेल."

तिला एक मुलगी होती. ही मुलगी घास गिळायची नाही, गालात साठवायची. म्हणून घरात ती खारूताई.

"खारूताई, गिळ."

"गिळला."

"मग गाल का फुगलाय?"

"तो माझा गालच तसा आहे."

शेवटी खारूताई शाळेला पळायची आणि तिच्या बशीत उरलेलं अंडं, पावाच्या कडा, अर्धं केळं, सगळं तिची आई उभ्याउभ्या तोंडात टाकायची. वरून गार झालेला चहा. मला वर्षानुवर्षं हेच मिळालं. त्याने गाठ झाली असं मी म्हणत नाही हं. गाठ का झाली ते डॉक्टरांनीही नक्की सांगितलं नाही. मी फक्त माझा मेनू सांगितला.

मग एक दिवस तिच्या घशातून एक लांब नळी खाली आली. नळीच्या टोकाला दिवा होता आणि बारीकसा चिमटा. चिमट्याने मला इथून तिथून खुडलं. आधी उग्र वासाच्या औषधात बुडवलं, मग स्पिरिटमध्ये, मग गरम मेणात. प्रयोगशाळेतल्या एका ताईने माझे तुकडे साच्यात मांडले. "नीट झोपा रे, एका रांगेत," असं ती पुटपुटली आणि वरून मेण ओतलं. मेण थिजलं आणि माझा जन्म झाला. पोटाचा तुकडा चार दिवसांत नासतो. मेणातला तुकडा वर्षानुवर्षं टिकतो. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

माझं काम काय, तर कापलं जाणं. यंत्रावर बसवून पात्याने माझे केसाहून पातळ काप काढतात, ते कोमट पाण्यावर तरंगवतात, काचेवर उचलतात आणि रंगवतात. माझ्या पहिल्या कापांना गुलाबी आणि जांभळा रंग दिला गेला. त्या रंगांत डॉक्टरांना कर्करोग दिसला. तो जठरातून यकृतापर्यंत गेलेला होता, त्यामुळे गाठ कापून काढायचा रस्ता बंद झाला. राहिली औषधं.

आता इथे थोडं लक्ष द्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीला कुंपण असतं, आणि त्या कुंपणावर प्रथिनांच्या कितीतरी काड्या उभ्या असतात. त्या बाहेरचा निरोप आत पोहोचवतात. काही गाठींमध्ये त्यांतल्या एकाच जातीच्या काड्या बेसुमार वाढतात. मग पेशीला एकच निरोप सारखा ऐकू येतो : वाढ, वाढ, वाढ. या प्रथिनाला डॉक्टर हर-टू म्हणतात. ते सापडलं तर त्यालाच जाऊन चिकटणारं एक औषध देता येतं. नेहमीच्या औषधांच्या जोडीला ते मिळालं की पोटाच्या अशा गाठीतले पुष्कळ रोगी जास्त काळ जगतात. सगळेच नाही, आणि किती काळ हेही आधी कुणाला सांगता येत नाही. पण प्रथिन सापडलंच नाही, तर ते औषध कुणी देणार नाही.

म्हणजे खारूताईची आई किती काळ तिच्याजवळ राहणार, हे माझ्यात काय दिसतं यावर होतं. आणि माझ्यात ते प्रथिन होतं.

ते शोधायला माझ्या एका कापाला खास रंग दिला गेला. प्रथिन असेल तिथे तो तपकिरी उमटतो. काच एका तरुण डॉक्टरसमोर गेली. हुशार मुलगा होता, कामाला वाघ. पण त्याच्यापुढे रोज यायच्या त्या स्तनातल्या गाठींच्या काचा. स्तनातल्या गाठीत डॉक्टर पेशीभोवती पुरं तपकिरी कडं शोधतात. त्याच्या डोळ्यांना त्याच कड्यांची सवय झालेली. त्याने माझा काप पाहिला. कुठेकुठे रंग होता, पण कडं कुठेच पुरं नव्हतं. त्याने लिहून टाकलं : प्रथिन नाही.

मी मेणातून काय ओरडणार? मला खणात ठेवलं गेलं. शेजारी माझ्यासारखेच शेकडो ठोकळे, ज्याच्या त्याच्या नंबरासह गप्प पडलेले. मीही पडून राहिलो. बाहेर तिला नेहमीची औषधं सुरू झाली. पुढे एक दिवस खण उघडला तेव्हा समोरच्या खिडकीतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला.

"औषधांचा म्हणावा तसा गुण नाही हो. आता दुसऱ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी मूळ ठोकळा मागवलाय. म्हणाल्या, पोटाच्या गाठीत ते प्रथिन कुठे असतं, कुठे नसतं. एकदा 'नाही' आलं म्हणून आम्ही सोडून देत नाही."

"घेऊन जा," प्रयोगशाळेतली ताई म्हणाली. "पण उन्हात गाडीत ठेवू नका हं. वितळला तर परत मिळायचा नाही. आणि आता आत फारसं उरलेलं नाहीये, तेव्हा जपून."

तो माणूस लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. रोज शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचा, पण इतकं जपून त्याने आयुष्यात काही नेलं नसेल. दुसऱ्या हॉस्पिटलची प्रयोगशाळा सकाळी उघडणार होती. उन्हाळा तर असा, की घरात मेणबत्त्या वाकाव्यात. मग त्याने काय करावं? मला फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या खणात उभं केलं.

असा मी माझ्याच घरी परत आलो! फरक इतकाच, की आधी मी तिच्या पोटात बसून घरात यायचो, आणि आता फ्रीजच्या दारात उभा होतो. दार उघडलं की घर ऐकू यायचं, मिटलं की गप्प. एकदा दार उघडलं आणि समोर खारूताईचं नाक.

"बाबा, हा साबण आहे?"

"हात लावू नकोस त्याला!"

"पण काय आहे?"

बाबा अडखळला. लेकीला आजाराचं काही सांगायचं नाही, असं मोठ्यांनी आपसांत ठरवलं होतं. तो म्हणाला, "आईच्या कामातलं मेण आहे ते."

मित्रांनो, दुसऱ्या कुठल्याही घरात हे खोटं खपून गेलं असतं. कवळीवालीच्या घरात ते महागात पडणार होतं.

सकाळी खारूताईने शहाणपणा केला. "आजी, आईचं मेण चुकून अंड्यांत गेलंय."

आजी म्हणजे कवळीवालीच्या सासूबाई. तिने मला चिमटीत धरून उचललं. "या बाईला सांगून दमले मी. परवा साखरेच्या डब्यात अक्कलदाढ सापडली. आज अंड्यांत मेण. उद्या आमटीत जबडा निघायचा!" आणि बोलत बोलत तिने मला पुढच्या खोलीत नेऊन मेणाच्या तुकड्यांच्या ताटलीत टाकलं. ताटलीला लागूनच पातेलं होतं. पातेल्यातलं मेण वितळलेलं होतं.

माझ्यावरून सासू-सुनेत भांडण नको म्हणून स्पष्ट सांगतो, आजीचा यात काही दोष नव्हता. ती रोज असंच आवरायची.

कवळीवाली हॉस्पिटलला निघण्याआधी एका आजोबांची हिरडी पुरी करायला बसली होती. काम हातात असलं की तिला धीर यायचा. डाव्या हातात जबडा, नजर जबड्यावर, उजवा हात न बघता ताटलीकडे. पातेल्यातलं मेण कमी झालं की ती असेच तुकडे उचलून आत सोडायची. बोटांनी मला उचललं. मी पातेल्यावर आलो. खालून वाफेसारखी ऊब लागली. माझा एक कोपरा मऊ पडायला लागला.

आणि बोटं थांबली. एवढी वर्षं मेण हाताळलेली बोटं ती. हे मेण जास्त कडक होतं. फार गार होतं. आणि याला पाठ होती, जाळीची.

तिने मला डोळ्यांसमोर धरलं आणि नंबर वाचला. जबडा टेबलावर पडला, पण मी तिच्या हातातून पडलो नाही.

"हे इथे कुणी आणलं?"

त्या आवाजाला सगळं घर धावत आलं. नवऱ्याने मला पाहिलं, पातेलं पाहिलं आणि त्याचा उजवा पाय जोरात जमिनीवर दाबला गेला. शिकाऊ माणसाशेजारी बसून लागलेली सवय. तिथे ब्रेक नव्हता.

"मीच ठेवलं गं," आजी म्हणाली. "मला काय माहीत? पोरगी म्हणाली तुझं मेण आहे."

"बाबा म्हणाले!" खारूताई रडकुंडीला आली.

कवळीवालीने आधी पातेल्याखालची आच बंद केली. मग खारूताईला जवळ ओढून शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि मला दोघींच्या मधे ठेवलं.

"नीट ऐक. हे माझं पोट आहे."

"एवढंसं?"

"त्याचा एवढासा तुकडा. माझ्या पोटात गाठ झालीये, वाईट जातीची. म्हणून मी सारखी हॉस्पिटलला जाते. म्हणून माझे केस गेले. आता डॉक्टर या तुकड्यात बघून सांगणार, की मला अजून एक औषध चालेल का."

खारूताईने वाकून माझ्याकडे पाहिलं. "याला दुखतं?"

"याला नाही."

"तुला?"

"मला कधीकधी दुखतं."

आजीने पदराने चष्मा पुसायला घेतला. खारूताई उठली, आत गेली आणि आपला शाळेचा डबा घेऊन आली. "यात ठेव. याचं झाकण घट्ट आहे. बाबांना उघडायला येत नाही, मलाच येतं." मग गालातला सकाळचा घास तिने आवाज करून गिळला. तेवढं ऐकून आई हसली.

डब्यातून, गार पाण्याच्या बाटलीला टेकून, मी दुसऱ्या हॉस्पिटलात पोहोचलो. तिथे काप काढणारे काका होते, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी मला उजेडात धरलं आणि ओठ मुडपले.

"फार थोडं राहिलंय हो. दर वेळी यंत्रावर चढवताना ठोकळा पातळीत आणावा लागतो, त्यातच काही काप फुकट जातात. एकदाच चढवतो. हवे ते सगळे काप एकाच बैठकीत. परत चढवायला काही उरणार नाही."

"एक कोपरा मऊ झालाय," कवळीवाली म्हणाली. "आधी बर्फावर ठेवा थोडा वेळ. आणि हात सावकाश."

"बाई, माझी नोकरी घ्यायला आलात का? तुम्ही दात बसवताना मी शेजारी उभा राहून सांगतो का काही?"

"तुमचे सगळे आहेत की."

"दोन गेलेत."

"मग या एकदा. मी पण म्हणेन, हात सावकाश."

काका मिशांत हसले. पण मला बर्फावर ठेवलं, आणि पातं लावलं तेव्हा श्वास रोखून धरला. माझी पातळ फीत पाण्यावर पसरली, एकही सुरकुती न पडता. मित्रांनो, मी उगाच कुणाची स्तुती करत नाही, पण त्या हाताला तोड नव्हती.

पुढच्या भेटीला डॉक्टरीणबाईंनी कवळीवालीला थेट सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. त्या यंत्राला समोरासमोर दोघांना बघायची सोय होती. मी टेबलाच्या कडेला, माझ्या कापाची काच भिंगाखाली.

"तुम्हाला स्वतः बघायचं होतं ना? या. काय दिसतं सांगा."

कवळीवालीने डोळा लावला. "तपकिरी रेघा आहेत. घोड्याच्या नालेसारख्या. खालून आणि दोन्ही बाजूंनी रंग, वरून मोकळं." मग तिने पुन्हा नीट पाहिलं. "हिरडीत दात बसतो तसं. खाली आणि बाजूंना धरलेला, वर उघडा."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "वा! हे मी पोरांना शिकवताना वापरणार. अगदी तसंच. जठराच्या पेशी ओळीने उभ्या असतात. त्यांची वरची बाजू पोकळीकडे उघडी, तिथे हे प्रथिन बहुधा नसतंच. मग कडं पुरं होणार कसं? स्तनात आपण कडं शोधतो, पोटात नाल शोधायची. आणि तीही सगळीकडे सापडेलच असं नाही. इथे एका कोपऱ्यात एवढासाच झुबका आहे, पण तो अगदी ठसठशीत आहे. एवढ्याशा तुकड्यात इतकं पुरे."

"म्हणजे आहे?"

"आहे. औषध देता येईल."

कवळीवालीने डोळा भिंगावरून काढलाच नाही. तशीच म्हणाली, "टिकेन ना मी? मुलगी लहान आहे."

"वचन देणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण कालपेक्षा आज माझ्या हातात जास्त आहे. आणि मी ते सगळं वापरणार."

पहिल्या प्रयोगशाळेतला तो तरुण डॉक्टर पुढच्याच आठवड्यात स्वतः आला, जुनी काच खिशात घेऊन. दोन्ही काचा शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा त्याचे कान लाल झाले. त्याच्या काचेतही नाल होतीच, फिकट पण होती. "मी कडं शोधत बसलो, मॅडम. माझं चुकलं," तो म्हणाला. "मी आधी वाचलेल्या पोटाच्या सगळ्या काचा आता परत काढतोय." डॉक्टरीणबाई त्याला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काढ. आणि अडलास तर फोन कर, लाजू नकोस." मला तो मुलगा त्या दिवशी आवडला.

मग काय झालं? औषध सुरू झालं. गाठ आकसत गेली. नाहीशी झाली नाही, पण आकसली, आणि पुष्कळ दिवस आकसलेलीच राहिली. कधी बरं, कधी बरं नाही, असं चालू असतं. तिचे केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. काका खरंच तिच्याकडून दोन दात बसवून आले. मी आता त्यांच्याच प्रयोगशाळेत असतो, आणि ते माझ्या खणासमोर उभे राहून उगाच मोठ्याने हसतात.

परवा खण उघडला. समोर नाक. ओळखीचं, पण बरंच उंचावर आलेलं. खारूताई आता आईच्या खांद्याला लागते.

"हा घ्या तुमचा साबण," काका म्हणाले.

तिने मला तळहातावर घेतलं, खिडकीकडे धरलं. "आई, यात तर काहीच दिसत नाहीये."

"असेल की एवढंसं कुठेतरी," आई म्हणाली. "चल, तपासणी झाली. जाऊन जेवू. भूक लागलीये मला."

भूक लागलीये! हे शब्द तिच्या तोंडून ऐकून माझं मेण मऊ झालं नाही, एवढंच माझं कौतुक.

मित्रांनो, माझी विनंती थोडकी आहे. कुणाच्या घरी माझ्यासारखा ठोकळा आला तर त्याला उन्हापासून, विस्तवापासून जपा आणि तो काय आहे ते घरातल्या लहानांनाही खरंखरं सांगा. लहान माणसांकडे घट्ट झाकणाचे डबे असतात. आणि आपल्या बशीतलं आपण खा, गरम असताना, गालात न साठवता. म्हणजे तुमच्या आईलाही तिचं ताट गरम असताना, बसून खाता येईल.

माझं म्हणाल, तर खारूताईचं बरोबर आहे. त्या कण्यांतलं आता माझ्यात जवळजवळ काही नाही, एका कडेला धुक्यासारखा डाग तेवढा. मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. मी आता बहुतेक नुसतं मेण आहे. बाकीची ती सगळी, आख्खी, भुकेलेली, लेकीचा हात धरून जिना उतरून गेली.